अंगणात ट्रिलियम लावायचं असेल तर

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात नव्याने राहायला आलेल्या माणसाची ट्रिलियमशी पहिली गाठ बहुधा कागदावरच पडते. सरकारी पत्राच्या कोपऱ्यात तीन पाकळ्यांची एक खूण असते, ते ट्रिलियम. १९३७ सालापासून पांढरं ट्रिलियम हे या प्रांताचं फूल आहे. ती खूण असलेली कागदपत्रं माझ्या फायलीत दोन वर्षं पडून होती, पण फूल काही पाहिलं नव्हतं. मग एका मे महिन्यात आम्ही नायगरा एस्कार्पमेंटच्या कड्यालगत मेपलच्या रानात फिरायला गेलो. वर झाडांना पालवीची नुसती चाहूल होती आणि खालची जमीन, नजर जाईल तिथपर्यंत, पांढरीशुभ्र. मी कितीतरी वेळ पायवाटेवरच उभी राहिले.

हे आपल्या मागच्या अंगणात हवं, असं त्या दिवशी मनाने घेतलं. आज तिथे चौदा झाडं आहेत. त्यासाठी बारा वर्षं लागली आणि त्यातली निदान चार माझ्या चुकांमुळे वाया गेली. तुमची ती चार वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी झाडाचा स्वभाव समजून घ्या

ट्रिलियममध्ये सगळं तिनाच्या हिशेबाने असतं. एक सरळ देठ, त्याच्या टोकाला बेलाच्या त्रिदळाची आठवण करून देणारी तीन रुंद पानं, त्यांच्यावर तीन हिरवी निदलं, तीन पाकळ्या आणि मधे सहा पुंकेसर. उंची साधारण फूट-सव्वा फूट. पांढऱ्या जातीचं फूल दोन-तीन आठवडे टिकतं आणि जुनं होत जाईल तसं गुलाबी पडतं. माझ्या पहिल्या फुलाला असा गुलाबी रंग चढला तेव्हा काहीतरी रोग पडला, असं वाटून मी घाबरले होते. तसं काही नसतं. फूल म्हातारं होतंय, एवढंच.

जमिनीखाली आल्याच्या कुडीसारखा आडवा, जाडसर कंद असतो. झाडाचा खरा जीव त्याच्यात. बर्फ वितळलं की एप्रिलमध्ये त्यातून कोंब वर येतो, मेमध्ये फूल येतं आणि जुलै-ऑगस्टपर्यंत पानं पिवळी पडून सगळं नाहीसं होतं. आपल्याकडे सह्याद्रीत रानहळद पावसाळ्यात उगवते, फुलते आणि पाऊस संपला की जमिनीत गडप होते, तसंच हे. फक्त तिथे पावसाचं गणित असतं, इथे उन्हाचं. मेपल-ओकचं छत पानांनी भरून जायच्या आत रानाच्या जमिनीवर जे चार-सहा आठवडे ऊन पडतं, तेवढ्यात या झाडाला बरीचशी कमाई उरकून घ्यावी लागते.

आणि कमाईचं साधन म्हणजे ती तीन पानं, बस. ती तुटली तर त्या वर्षी नवी फुटत नाहीत. कंद साठवणीवर जगतो आणि पुढच्या वर्षी लहान होऊन वर येतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून निघतं.

इथेच एक सांगून ठेवते, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच. हा कंद पुण्याला किंवा नाशिकला नेऊन लागणार नाही. त्याला कित्येक महिन्यांची कडक थंडी लागते, शिवाय असे कंद-मुळं परवान्याविना विमानातून नेणं नियमातही बसत नाही. भारतात याचा एक भाऊबंद आहे, पण तो हिमालयात. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडच्या उंच जंगलांत त्याला नागछत्री म्हणतात. औषधासाठी त्याचे कंद इतके उपटले गेले की तो आता संकटात आहे. कंद उपटला की झाड गेलं, हे तिकडेही तसंच आणि इकडेही.

जागा

पानगळ होणाऱ्या झाडाखालची जागा सगळ्यात उत्तम. वसंतात ऊन, उन्हाळ्यात सावली. झाड नसेल तर घराची पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू चालते, पण छपराच्या वळचणीखाली नको. तिथे पाऊस पोचत नाही आणि माती कोरडी राहते. ड्राइव्ह-वेच्या कडेची जागाही सोडा. हिवाळ्यात मीठ मिसळलेला बर्फ आपण तिथेच लोटतो.

एका झाडापासून मात्र सावध राहा. टोरांटोच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये घरासमोर जो मेपल दिसतो, तो पुष्कळदा नॉर्वे मेपल असतो, युरोपातून आणून लावलेला. पानाचा देठ तोडून पाहा. दुधासारखा चीक आला तर नॉर्वे. त्याची सावली फार दाट, मुळं अगदी वरवर पसरलेली, आणि खालची माती कायम शोषलेली. माझे पहिले दोन कंद मी त्याच्याच बुंध्याशी लावले होते. खुरपं आत शिरत नव्हतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

माती आणि पानखत

आपल्या भागातली माती बहुधा चिकण असते, थोडी चुन्याकडे झुकणारी. चुन्याची भीती बाळगू नका. पांढरं ट्रिलियम चुनखडीच्या कड्यांवरच्या रानात सुखाने वाढतं. अडचण चिकणपणाची आहे. वसंतात पाणी साचलं की कंद कुजतो. मूठभर ओली माती दाबून पाहा. लाडवासारखी घट्ट बसली आणि बोटाने टोचल्यावर फुटलीच नाही, तर तिच्यात पानखत मिसळायला हवं.

पानखत विकत आणायची गरज नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आख्खी गल्ली पानं गोळा करून तपकिरी कागदी पिशव्यांतून रस्त्याकडेला ठेवते. तुमच्या पिशव्या घरीच ठेवा. पानांवरून एकदा गवत कापायचं यंत्र फिरवा म्हणजे त्यांचे तुकडे होतील. अख्खी पानं एकमेकांना चिकटून चामड्यासारखा थर होतो, तो पाणी आत जाऊ देत नाही. तुकडे केलेली पानं तारेच्या जाळीचं कुंपण करून त्यात रचा, ओली करा आणि विसरून जा. दीड-दोन वर्षांनी तळाशी काळंभोर, भुसभुशीत पानखत मिळतं. हातात घेतलं की पहिल्या पावसात भिजलेल्या रानासारखा वास येतो. वाफ्याची वरची आठ-दहा इंच माती मोकळी करून तिच्यात हे पानखत सढळ हाताने, तिसरा हिस्सा तरी, मिसळा. रासायनिक खत घालू नका. गरजच पडत नाही.

आता गांडुळांविषयी. मी शेतकऱ्याच्या घरातली. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, हे लहानपणापासून ऐकत आले. म्हणून पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने गांडूळखत आणून या वाफ्यात घातलं. इथली गोष्ट वेगळी आहे, हे नंतर कळलं. हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली होता, त्यामुळे इथल्या जंगलात गांडुळं नव्हतीच. आता जी दिसतात ती बहुतेक युरोपातून आलेल्या लोकांच्या कुंड्या-रोपांबरोबर आलेली. रानातला पाचोळ्याचा जाड थर ती भराभर खाऊन टाकतात, आणि ट्रिलियमसारखी झाडं तर त्या थराच्या आसऱ्यानेच वाढतात. भाजीच्या वाफ्यात गांडूळखत खुशाल घाला. या वाफ्यात नको, आणि मासे पकडायला आणलेली उरलेली गांडुळं तर कोणत्याही रानाजवळ सोडू नका.

झाड कुठून आणायचं

रानातून आणायचं नाही. प्रांतीय उद्यानांत झाडं उपटायला बंदी आहेच, पण बंदी नसेल तिथेही नको. फुलावर आलेलं ट्रिलियम म्हणजे निदान सात-आठ वर्षांचं झाड. भर मेमध्ये ते उपटून आणलं की बहुधा जगत नाही, आणि रानातली जागा रिकामी होते ती होतेच.

दुकानात विचारायचा प्रश्नही नीट ठरवून घ्या. “नर्सरीत वाढवलेलं” एवढं उत्तर पुरेसं नाही. रानातून खणून आणलेला कंद एक हंगाम कुंडीत ठेवला तरी तो नर्सरीत वाढलेलाच म्हणवतो. “बियांपासून तयार केलंय का, की कंदाचे भाग करून?” असं स्पष्ट विचारा. दोन्ही चालतं, मात्र मूळ झाड रोपवाटिकेचं असायला हवं. किंमत हीसुद्धा खूण आहे. इतकी वर्षं सांभाळलेलं झाड स्वस्तात देणं कुणालाच परवडत नाही. मी पहिल्यांदा तीन कुंड्या अगदी स्वस्तात मिळाल्या म्हणून उचलल्या. घरी येऊन पालथ्या केल्या तर मुळं कुदळीने तुटलेली, आणि मातीत रानातल्या दुसऱ्याच झाडांची मुळं गुंतलेली. तीनपैकी दोन पुढच्या वसंतात उगवलीच नाहीत.

भरवशाची जागा म्हणजे फक्त स्थानिक झाडंच विकणाऱ्या रोपवाटिका आणि बागप्रेमी संस्थांच्या वसंतातल्या रोपविक्री. टोरांटोतली नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह प्लांट सोसायटी अशी विक्री भरवत आली आहे. तिथले स्वयंसेवक प्रत्येक झाडाची कुळकथा सांगू शकतात.

सुरुवात पांढऱ्या जातीपासूनच करा, म्हणजे ग्रँडिफ्लोरम. लाल ट्रिलियमही इथलंच आणि देखणं आहे, पण त्याला नासलेल्या मांसासारखा वास येतो. माश्यांना बोलवायचं असतं ना त्याला. बसायच्या जागेजवळ ते नको. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी रेघा असलेलं पेंटेड ट्रिलियम फोटोत फार मोह घालतं, पण त्याला अतिशय आम्लधर्मी, थंड माती लागते. आपल्या चिकणमातीत ते तग धरत नाही. आणि पाकळ्यांवर हिरवे पट्टे असलेलं झाड कुणी दुर्मीळ म्हणून देऊ लागलं तर घेऊ नका. ते पट्टे रोगाचे असतात, आणि दर वर्षी ते झाड खंगत जातं.

लावणी

सुट्टा कंद असेल तर सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, जमीन गोठायच्या आत. कुंडीतलं झाड वसंतातही लावता येतं, फक्त मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही.

कंद हातात घेऊन नीट पाहा. एका टोकाला पांढुरकी, टोकदार कळी दिसेल. पुढच्या वर्षीचं अख्खं झाड त्या कळीत घडी घालून ठेवलेलं असतं. ती मोडली तर ते वर्ष गेलंच समजा. कळी वरच्या बाजूला येईल असा कंद आडवा ठेवा, त्याच्यावर तीन इंच माती आली पाहिजे. दोन कंदांमध्ये फूटभर अंतर ठेवा. हाताने हलकेच दाबा, भरपूर पाणी द्या आणि वर दोन इंच चुरलेल्या पानांचं आच्छादन घाला.

त्यानंतर लगेच करायचं काम म्हणजे शेजारी एक काठी रोवून ठेवणं. मी हे टाळलं होतं. ऑगस्टमध्ये तो वाफा मोकळा, उजाड दिसतो. अशाच एका ऑगस्टमध्ये शेवंतीची रोपं लावायला म्हणून मी तिथे फावडं घातलं, आणि पांढऱ्या कळीसकट कंदाचे दोन तुकडे वर आले. तीन वर्षं जपलेला होता. आता प्रत्येक झाडाजवळ बांबूची चिवाटी असते, आणि घरातल्या सगळ्यांना त्या चिवाटीचा अर्थ ठाऊक आहे.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वसंतात कदाचित तीन पानंच येतील, फूल येणार नाही. कधी तर काहीच वर येत नाही आणि झाड त्याच्या पुढच्या वर्षी उगवतं. उकरून बघू नका.

पाणी मात्र चुकवू नका. जून ते ऑगस्ट आठवड्याला इंचभर, पाऊस धरून. पानं गेल्यावरही माती पार कोरडीठाक होऊ देऊ नका, कारण कंद पुढच्या वर्षाची तयारी त्याच दिवसांत करत असतो. बाकी शक्य तितकं कमी करा. खुरपणी हाताने, वरवर. शरद ऋतूत वाफ्यावर पडलेली पानं झाडायची नाहीत. शेजारचे लॉन चकाचक करतात म्हणून आपलाही हात शिवशिवतो. लॉनवर हवं तर करा.

हरणं हा मोठा शत्रू. रान किंवा ओढा जवळ असेल तर ती येणारच, आणि कळ्यांसकट शेंडे खाऊन जातील. दोन-तीन वर्षं सलग खाल्लं गेलेलं झाड इतकं लहान होतं की पुन्हा एकच पान येतं, जणू नुकतंच उगवलेलं रोप. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तारेची जाळी उभी करा. शरदात खारी नवी माती पाहिली की उकरतात. लावणीनंतर पहिला हिवाळा जमिनीवर जाळी आडवी अंथरून दगड ठेवले की काम भागतं.

सोबतीला ब्लडरूट, फोमफ्लॉवर, वाइल्ड जिंजर आणि ख्रिसमस फर्न लावा. ट्रिलियम झोपी गेल्यावर जागा उघडी दिसत नाही आणि माती ओलसर राहते. लिली ऑफ द व्हॅली आणि विंका या वाफ्याच्या आसपासही नकोत. ती दोन-चार वर्षांत सगळं गिळून टाकतात.

फूल तोडण्याविषयी

ओंटारियोत ट्रिलियम तोडणं सगळीकडेच बेकायदा आहे, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. सरसकट तसा कायदा नाही. तरी तोडू नये, आणि कारण वर सांगितलंच आहे. देठ इतका आखूड असतो की फूल खुडताना पानं सोबत येतात.

आपल्या घरांत हे जड जातं. फूल म्हणजे देवाचं, ही आपली समजूत फार जुनी. आई पहिल्यांदा इकडे आली तो मे महिनाच होता. सकाळी अंघोळ करून, हातात छोटी परडी घेऊन ती मागच्या दारी गेली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, ती वाफ्याशी वाकली होती. मी तशीच अनवाणी धावले.

“आई, ते नको.”

“अगं, दोनच घेते. केवढी पांढरी आहेत बघ. महादेवाला वाहते.”

मी तिला ती तीन पानं दाखवली. ही गेली तर वर्षभराचं जेवण गेलं त्याचं, म्हटलं, आणि पुन्हा फूल यायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “असू दे. तिथेच वाहिलं समज.” आणि कुंपणाजवळच्या लायलॅकचा तुरा घेऊन आत गेली. लायलॅक तोडल्याने काही बिघडत नाही, उलट पुढच्या वर्षी जास्त फुलतं. मेमधल्या पूजेसाठी अंगणात एक लायलॅक लावून ठेवा, हा माझा अगदी व्यवहारी सल्ला.

बियांपासून

इथवर आलात की हे कराच. फुलानंतर फिकट हिरवं बोंड धरतं. जुलैच्या मध्यापासून रोज एकदा बोटाने हलकं हलवून पाहा. मऊ लागलं आणि स्पर्शानेच हातात आलं, की पिकलं. उशीर केलात तर मुंग्या नेतात. आत डझनभर किंवा थोड्या जास्त तपकिरी बिया असतात आणि प्रत्येक बीला एक पांढरट, तेलकट तुकडा चिकटलेला असतो. मुंग्यांना हवा असतो तो तेवढाच. त्या बी ओढून वारुळात नेतात, तुकडा खातात आणि बी उकिरड्यावर टाकतात. तिथली माती खतावलेली असते, म्हणून रान असंच मुंगीच्या पावलांनी पसरत जातं. वर्षाकाठी काही हात, फार तर काही वाव. कापलेलं रान ट्रिलियमने पुन्हा भरायला इतका काळ का लागतो, ते यावरून समजेल.

बी वाळवायचं नाही, डबीत भरून ठेवायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पेरा. पानखत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन खोल लाकडी पेटी भरा, अर्धा इंच खोल बी टाका, वर जाळी ठोका आणि पेटी सावलीत जमिनीत पुरून ठेवा म्हणजे थंडीत ती एकदम गोठत-वितळत राहणार नाही. पेटीवर साल लिहा. पेन्सिलने लिहा, शाई उडते.

पहिल्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात वर काहीही दिसणार नाही. बीने खाली फक्त मूळ सोडलेलं असतं. दुसऱ्या हिवाळ्यानंतर गवताच्या पात्यासारखं एकच अरुंद पान येतं. तण समजून हेच सगळ्यात जास्त उपटलं जातं. त्याच्या पुढच्या वर्षी पहिलं खरं पान, तेही एकच, बदामी आकाराचं. काही वर्षं ते एक पानच दर वसंतात थोडं थोडं रुंद होत जातं, मग कधीतरी तीन येतात, आणि पेरल्यापासून सातव्या ते दहाव्या वर्षाच्या सुमारास फूल.

माझ्या पेटीवर २०१९ लिहिलंय. यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वरची पानं बाजूला केली तर नऊ रोपं होती. सहांना एकेक पान, तिघांना तीन-तीन, प्रत्येक पान अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, जाळी नीट ठोक, खारी येतील. ठोकली.